अठराव्या वर्षीचं डोकं

एक्क्याऐंशी. आकडा वाईट नव्हता. वाईट असता तर मला एवढा त्रास झाला नसता. कॉलेज सोडणाऱ्या खेळाडूंची शेवटची तपासणी होती, आणि आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाची दुखणीखुपणी बघणाऱ्या हॉलरन बाईंनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. ‘बघ, लव्हेल. हा पहिल्या वर्षीच्या ऑगस्टमधला, हा आजचा. स्मरणशक्ती तेव्हा एक्क्याऐंशी, आज एक्क्याऐंशी. चार मोसम खेळलास, साडेतीनशे माणसं आडवी पाडलीस, आणि डोक्याला साधा ओरखडा नाही. हा कागद सगळ्या व्यावसायिक क्लबांकडे जाणार. अरे, ठोंब्यासारखा बघतोस काय? मिठी मार!’ मी मिठी मारली. बाहेर आलो, गाडीत बसलो, पट्टा ओढला आणि तो तसाच हातात राहिला. आजची परीक्षा मी जीव तोडून दिली होती. आदल्या दिवशी लवकर झोपलो होतो, सकाळी चार अंडी खाल्ली होती, फोन बंद केला होता, पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द ओठ हलवून वाचला होता. चार वर्षांपूर्वीचे एक्क्याऐंशी मात्र मी मुद्दाम कमी करून आणले होते. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. त्याला माझी जागा हवी होती, म्हणून मी निघालो.

आमच्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, बोलत कोणी नाही. पहिल्या वर्षी, चेंडूला हात लावण्याआधीच, तुम्हाला संगणकासमोर बसवतात. बारा शब्द दाखवतात, मग रंग, चौकोन, आकडे यांत वीस मिनिटं गुंतवतात, आणि मग विचारतात, मघाचे शब्द कोणते? हे तुमचं मूळ माप. पुढे कधी डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा, आणि मूळ मापापेक्षा खाली गेलात की मैदानाबाहेर. आठवडा, दोन आठवडे, कधी अख्खा मोसम. तेवढ्यात तुमच्या जागी दुसरा उभा राहतो, आणि तो बरा खेळला तर जागा त्याची होते. म्हणून शहाणी मुलं मूळ मापच कमी देतात. मग मार बसला तरी आकडा खाली जात नाही, यंत्र म्हणतं ठीक आहे, आणि शनिवारी तुम्ही पुन्हा मैदानावर. मला हे शहाणपण ओडम किटरेजने दिलं. तो चौथ्या वर्षात होता, माझ्याच जागेवर खेळायचा, आणि मी त्याच्या शब्दाबाहेर नव्हतो. ‘फार खाली जाऊ नकोस पोरा, यंत्राला वास लागतो. दर पाचवा शब्द गाळायचा. आणि बटण दाबण्याआधी मनात एक मिसिसिपी म्हणायचं.’ लहानपणी लपाछपीत आम्ही सगळेच असे सेकंद मोजतो, एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी. मी अठरा वर्षांचा होतो. यंत्राला शेंडी लावून बाहेर आलो तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

त्या दिवशी खोलीवर न जाता मी नदीकाठच्या रस्त्याने उगाच गाडी फिरवत राहिलो. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आधी वाटलं ते कुतूहल. खरा आकडा किती असता? नव्वद? पंच्याण्णव? अठरा वर्षांचा एक मुलगा होता, त्याच्या डोक्यात काय काय मावत होतं हे पाहायची संधी एका ऑगस्टच्या सकाळी आली होती, आणि त्याने हात पाठीमागे लपवले. आता तो मुलगा भेटणार कुठे? माझी उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलेली आहे, माझं वजन सातवीपासून कोणी ना कोणी नोंदवत आलंय, चाळीस यार्ड पळायला मला किती वेळ लागतो हे देशातले बत्तीसच्या बत्तीस क्लब जाणतात. आणि तो वेळ काही खास नाही, हेही जाणतात. माझे पाय बेताचेच. मला जो काही भाव आहे तो डोक्याचा. मी बचावातला लाइनबॅकर. लाइनबॅकर दुसऱ्या फळीत उभा असतो, त्याच्यापुढे आपली चार धिप्पाड माणसं, त्यांच्यापुढे समोरच्या संघाची पाच. त्या पाचांतले दोन गार्ड खाली वाकून एक हात गवतावर टेकतात. मी कधी चेंडूकडे बघत नाही, त्या हातांकडे बघतो. बोटांची पेरं पांढरी पडली असली की वजन पुढे आहे, तो मुसंडी मारणार, म्हणजे चेंडू घेऊन कोणीतरी धावणार. हात नुसता ठेवल्यासारखा असला की तो मागे सरकणार, म्हणजे चेंडू हवेतून जाणार. हे मला कोणी शिकवलं नाही. टोलेडोला शाळेत असताना एकदा दिसलं आणि मग दिसतच राहिलं. गॅरिटी कोच कॉलेजात घेऊन जायला घरी आले तेव्हा आईने विचारलं होतं, ‘याच्यापेक्षा जोरात पळणारी मुलं याच गल्लीत आहेत, मग हाच कशाला?’ कोच म्हणाले, ‘बाई, ती मुलं चेंडू गेला तिकडे पळतात. हा चेंडू जाणार असतो तिथे आधीच जाऊन उभा असतो.’ आई शाळेची बस चालवते. तिला हे पटलं, कारण तीही मूल दिसण्याआधी ब्रेक दाबते.

मग मी आठवू लागलो, वरचे मार्क गेले असतील तर कुठे गेले असतील. दोनदा जोरात बसलं होतं. पहिल्यांदा दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, परगावी. त्यांचा एक ठेंगणा, पिंपासारखा गडी चेंडू घेऊन सरळ माझ्यावर आला, आमची शिरस्त्राणं एकमेकांवर आपटली, आणि गवत अचानक इतकं हिरवं झालं की मला हसू आलं. कुठून तरी संत्र्याच्या सालीचा वास आला. पुढच्या डावाला मी सगळ्यांना जागा बरोबर सांगितल्या, असं म्हणतात. मला त्यानंतरचं आठवतं ते बसच्या खिडकीला टेकलेलं कपाळ आणि काचेचा गारवा. तीन दिवसांनी परीक्षा दिली, एक्क्याऐंशीच्या आसपास आले, शनिवारी खेळलो. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी, आणि तेव्हा हिरवंबिरवं काही दिसलं नाही, नुसती दोन दिवस मळमळ होती. ती मी आदल्या रात्री खाल्लेल्या टॅकोवर ढकलली. तेव्हाही पास झालो. दोन्ही वेळा ओडमची आठवण काढून मी मनात त्याला दुवा दिला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची?

पुढचे काही दिवस मी स्वतःवर पाळत ठेवली. दुकानात यादी न घेता जायचं आणि काय राहिलं ते घरी येऊन बघायचं. सिग्नलला पुढच्या गाडीचा नंबर वाचायचा आणि तीन चौकांनंतर म्हणायचा. तिसरीच्या वर्गातल्या मुलांची नावं लिहून काढायला बसलो, एकवीस आठवली, आणि मग कळेना की वर्गात होती किती. दूध विसरलो तर छातीत धस्स व्हायचं. पण दूध तर माझा खोलीतला जोडीदारही विसरायचा, आणि तो आयुष्यात कोणाला धडकलेला नाही, तो क्लॅरिनेट घेऊन बँडमध्ये असतो. एकदा आईचा फोन आला तेव्हा मी सहज विचारलं, ‘आई, मी लहानपणी विसराळू होतो का गं?’ ती म्हणाली, ‘तू? तुला जे हवं ते लक्षात राहायचं आणि जे नको ते कधीच नाही. दात घासलेस का विचारलं की तुझी स्मरणशक्ती गेलीच म्हणून समजावं. का रे?’ मी म्हटलं, काही नाही. हे उत्तर मला उपयोगी नव्हतं, पण त्या दिवशी झोप बरी लागली. आणि या सगळ्यात एक गंमत होती. पाळत ठेवणारा कोण आणि ज्याच्यावर ठेवली तो कोण? घासून बोथट झालेल्या सुरीने तीच सुरी किती बोथट झालीय हे कापून बघायचं. असे विचार मला अठराव्या वर्षी सुचले असते का, हेही मी ताडून बघत होतो.

शेवटी ओडमकडे गेलो. त्याला कोणत्याच क्लबने घेतलं नाही. आता तो डेटनला टायरच्या दुकानात असतो, पोट सुटलंय, दोन मुली आहेत. मी मनाची तयारी करून गेलो होतो की हा आपल्याला ओळखणार नाही, शब्द शोधत बसेल, आणि मला हवं ते उत्तर न बोलता मिळेल. कसलं काय. त्याने दुकानाच्या दारातूनच आरोळी मारली, ‘काय रे, पांढऱ्या पेरांचे राजे! तुझी गाडी डावीकडे ओढतेय, पुढचा डावा टायर गेलाय, कधी बदललास शेवटचा?’ मग त्याने माझ्या पहिल्या मोसमातला एकेक सामना गुणांसकट सांगितला. माझी सामन्यांची वहीसुद्धा तेवढी पक्की नसेल. मी परीक्षेचा विषय काढला. तो हसायला लागला.

‘मी शिकवलं तुला? असेल बाबा. मी पन्नास पोरांना शिकवलं असेल. मला एका डच आडनावाच्या पोराने शिकवलं होतं.’

‘पण मी किती गाळले, तुला सांगितलं होतं का मी तेव्हा? बाहेर येऊन?’

‘तू बाहेर आलास तेव्हा घामाने चिंब होतास. मी म्हटलं, काय रे, ढ व्हायला एवढी मेहनत?’ टायरवर बसून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. ‘लव्हेल, एक सांगू? तुला खोटं बोलता कुठे येतं? कोचने झोपलास किती विचारलं की तुझे कान लाल व्हायचे. मला वाटतं, तू गाळायचे म्हणून ठरवलेले शब्द आणि तुला खरंच न आलेले शब्द एकच असतील. ते एक्क्याऐंशी तुझे खरेच असतील, लेका.’

‘खरंच असं वाटतं तुला?’

‘मला काय कळतंय? तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. वाटलं का?’

वाटलं होतं. दोन मैल वाटलं. मग लक्षात आलं की नाही, मी गाळलेल्या शब्दांपैकी एक मला अजून माहीत आहे. ‘पिंप’. तो आला होता, मला येत होता, आणि मी त्याच्यावर बोट न ठेवता पुढे गेलो होतो. चार वर्षं झाली तरी तो डोक्यात बसून आहे. उरलेले कोणते होते ते मात्र आठवेनात. टायर ओडमने बदलून दिला होता, गाडी आता सरळ चालत होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका क्लबने मला त्यांच्या शहरी बोलावलं. एप्रिलअखेर सगळे क्लब फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजातली मुलं निवडतात, त्या निवडीआधी ते काही जणांना असं बोलावतात, जेवू घालतात, फळ्यावर डाव मांडून प्रश्न विचारतात, आणि त्यांचे डॉक्टर तुम्हाला घोड्यासारखं तपासतात. फळ्यापुढे मी झकास होतो. त्यांचा बचावाचा कोच चित्रफीत थांबवून विचारायचा, आता पुढे काय? आणि मी सांगायचो, आणि तेच व्हायचं. एकदा तर तो खडू ठेवून नुसता बसून राहिला. दुपारी डॉक्टर लिंडक्विस्टबाईंची खोली. पन्नाशीच्या, केस आखूड, चष्मा कपाळावर. गुडघा, खांदा, झोप, मळमळ, सगळं विचारून झालं. दोन्ही कागद त्यांच्यापुढे होते. त्या उठल्या, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, ‘आणखी काही सांगायचंय?’ मी नाही म्हणणार होतो. चार वर्षं मी नाहीच म्हणत आलो होतो.

‘मॅडम, तो पहिला आकडा खोटा आहे.’

त्या परत आल्या, बसल्या. ‘किती खोटा?’

‘म्हणजे?’

‘म्हणजे किती शब्द गाळलेस?’

‘दर पाचवा.’

‘आणि बटणाला?’

‘एक मिसिसिपी.’

त्या हसल्या, पण कुचेष्टेने नाही. ‘पूर्ण मिसिसिपी? फारच प्रामाणिकपणे खोटं बोललास की. अरे, इथे येणाऱ्या दहातल्या सात जणांचं पहिलं माप असंच असतं. आम्ही कॉलेजच्या पहिल्या आकड्यात सरसकट दहा मिळवतो. आमच्या कागदावर तुझे एक्क्याण्णव आहेत.’

एक्क्याण्णव! क्षणभर मला इतका आनंद झाला की काय सांगू, शाळेचा निकाल लागावा तसा. कोणीतरी पहिल्यांदाच त्या मुलाला त्याचे मार्क दिले होते. मग मी वजाबाकी केली. ‘मग आत्ताचे एक्क्याऐंशी म्हणजे...’

‘म्हणजे दहा गेले असतील. किंवा सहा. किंवा काहीच नाही, त्या दिवशी तुझी झोप झाली नसेल. मला नक्की सांगता येत नाही, आणि तुलाही येणार नाही. नक्की कळायचा एकच दिवस होता, तो तू घालवलास.’

‘मग तुम्ही मला नापास करणार?’

‘कशासाठी? एक्क्याऐंशीवर लोक वकिली करतात.’ त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘क्लबला तुझ्याकडून तीन-चार मोसम हवेत. तेवढ्याला हे डोकं पुरतं, हा त्यांचा हिशोब. मी माझ्या मुलाला काय सांगितलं असतं, ते वेगळं.’

‘काय सांगितलं असतं?’

‘तू माझा मुलगा नाहीस,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

विमानतळावरून मी माझ्या दलालाला, बॅरेट सोकोलला, हे सांगितलं. ‘हात दाखवून अवलक्षण!’ तो ओरडला. ‘अरे बाबा, कोणी विचारलं होतं तुला? त्यांना माहीत होतं, हे तुला माहीत होतं का? नव्हतं! मग?’ मला त्या खोलीत काय हवं होतं ते विमान ढगांवर गेल्यावर कळलं. मला कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. पांढरा कोट घातलेलं, शिकलेलं कोणीतरी म्हणालं असतं, पोरा, पुरे, घरी जा, तर मी रडलो असतो, भांडलो असतो आणि सुटलो असतो. पण त्यांनी माझं खोटं आधीच धरून ठेवलं होतं, माझं नुकसानही धरलं होतं, आणि तरी मी त्यांना हवा होतो. चार वर्षं पोटाशी धरून बसलेलं गुपित त्यांच्या छापील तक्त्यातला एक रकाना निघालं. मला शरमही वाटली आणि, का कोण जाणे, थोडा एकटेपणाही.

निवडीचा तिसरा दिवस शनिवारी होता. आमच्यासारख्यांची नावं निघायची ती तिसऱ्याच दिवशी. शुक्रवारी दुपारी घरी पोहोचलो तेव्हा आई बस धुवून नुकतीच आली होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी पालेभाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. मिसिसिपीपासून लिंडक्विस्टबाईंपर्यंत. तिने भाजी बाजूला सारली.

‘थांब. सातवीत गणितात कमी मार्क पडले म्हणून मी तुझं खेळणं महिनाभर बंद केलं होतं, आठवतं ना? आणि तू तिकडे जाऊन मुद्दाम कमी मार्क आणलेस?’

‘आई, सगळेच...’

‘सगळ्यांची आई मी नाही.’ ती उठली, नळ सोडला, बंद केला, परत बसली. मी विचारलं, जाऊ की नको? ती म्हणाली, ‘तू मला विचारतोयस, की माझ्याकडून हो म्हणवून घेतोयस?’ मी बाजूला सारलेल्या भाजीतलं एक पान उचललं. ‘तू जाणार. ते मला तू आठ वर्षांचा असल्यापासून माहीतेय. पण थांबायचं कधी, ते तुला कळणार नाही, लव्हेल. ज्याने कळायचं तेच झिजणार.’ इतकी साधी गोष्ट, आणि महिनाभर मी तिच्याभोवती फिरत होतो. मग आईनेच ठरवलं. क्लबचं माप नको, यंत्राचं नको, माप ती ठेवणार. उद्या दुपारी ती बारा शब्द वाचून दाखवणार, अर्ध्या तासाने विचारणार, येतील तेवढे तारीख घालून लिहून ठेवणार. दर वर्षी मोसम संपला की नवे बारा. उद्याच्या आकड्यापेक्षा दोन कमी झाले की मी घरी. ‘तेव्हा मी फोन करणार नाही. बस घेऊन येईन आणि तुमच्या मैदानावर मधोमध उभी करीन. हात दे.’ मी हात दिला. तिचा पंजा माझ्या पंजात कुठल्या कुठे हरवतो, पण पकड तिचीच घट्ट असते.

शनिवारी घर भरलं. चर्चमधल्या घडीच्या खुर्च्या आल्या, मक्याच्या पावाचे तीन तवे झाले, आणि क्लिओफस मामा टीव्हीसमोर बसून प्रत्येक नाव पुकारलं की म्हणायचा, ‘याला? याला तर माझी बायको आडवं पाडेल.’ दोन वाजता आईने मला मागच्या पायरीवर नेलं, बसथांबे पुकारते त्या आवाजात बारा शब्द एकदाच वाचले, कागद ॲप्रनच्या खिशात टाकला आणि कोंबडी उलटायला निघून गेली. मी आत येऊन बसलो. तोंडाने मामाशी बोलत होतो, आत शब्द धरून होतो. अठराव्या वर्षी मी शब्द सोडायला धडपडत होतो, आता धरायला. दोन वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. त्याच क्लबचे सर्वेसर्वा बोलत होते, मागे लोकांचा गलबला होता. ‘लव्हेल, पाचव्या फेरीत आम्ही तुला घेतोय. आमच्या कोचला तुझ्या डोक्याने वेड लावलंय. येतोस ना?’ मी म्हणालो, ‘हो सर.’ आणखी काय बोललो ते कळलं नाही, कारण घर कोसळावं तसा गलका उठला. मामा रडत होता आणि मला बुक्के मारत होता. आठव्या वर्षापासून जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी मनापासून, अंगभर खूश होतो. ते खोटं कशाला सांगू? तेवढ्यात आई गर्दीतून आली, माझं मनगट धरलं आणि स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं. तिचे डोळे भरलेले होते, हातात पेन्सिल होती. ‘अभिनंदन नंतर. अर्धा तास झाला. बोल.’

लोणी, मी म्हणालो. शिडी. साबण. पूल. ती प्रत्येक शब्दाला रेघ मारत होती. मका. शिट्टी. तिकीट. सात झाले आणि मी थांबलो. बाहेर माझ्या नावाने टाळ्या चालल्या होत्या. आईने वाट पाहिली. मी डोळे मिटले. आठवत नव्हतं म्हणून मी थांबलो नव्हतो. आणखी दोन शब्द जिभेवर होते, लख्ख, आणि ते गिळता येतील हे मला कोणी शिकवायची गरज उरली नव्हती. आज सात लिहिले तर पाचवर थांबायचं. नऊ लिहिले तर सातवर. दोन शब्द म्हणजे कदाचित दोन मोसम, कदाचित तीन. आईला कसं कळणार? या जगात कोणालाच कधी कळलं नसतं, मलासुद्धा नाही, दहा वर्षांनी मी पुन्हा कुठल्या तरी गाडीत पट्टा हातात धरून बसलो असतो आणि विचारत राहिलो असतो की बाविसाव्या वर्षीचं माझं डोकं कसं होतं. कान तापले होते. आईची पेन्सिल कागदावर टेकली.

‘सात लिहू?’ ती म्हणाली.

‘कबूतर,’ मी म्हणालो.

तिने रेघ मारली. दारावर मामाची थाप पडली. मी श्वास घेतला.

‘लोकर.’

तिने रेघ मारली, आणि माझ्याकडे न बघता थांबून राहिली. मी शोधलं. जिथे तीन शब्द असायला हवे होते तिथे मी खूप वेळ उभा राहिलो.

‘अजून?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘आता खरंच नाही.’